राष्ट्राध्यक्ष कुठे शिकले?

कॉलेज ॲडमिशनच्या निकालांचे दिवस आहेत. घराघरांत आयव्ही लीगचा जप चालू असेल, म्हणून आज जरा राष्ट्राध्यक्षांच्या शाळा बघू.

लिंकन यांचं शालेय शिक्षण सगळं मिळून जेमतेम वर्षभराचं. अँड्र्यू जॉन्सन तर शाळेत गेलेच नाहीत. शिंपीकाम शिकले, आणि हिशेब शिकवला बायकोनं! १९४५ साली राष्ट्राध्यक्ष झालेल्या ट्रूमन यांच्याकडेही पदवी नव्हती. एमबीए झालेले एकटे धाकटे बुश, हार्वर्ड, १९७५. (मीही एमबीएच, पण ते असो.)

ओबामांचं मात्र नीट ऐका. कोलंबियाची पदवी सगळ्यांना ठाऊक असते. पण पहिली दोन वर्षं ते लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल या छोट्या कॉलेजात होते, तिथून ट्रान्स्फर घेऊन १९८१ मध्ये न्यूयॉर्कला गेले. तुमच्या लेकीला नकाराचं पत्र आलं असेल, तर आज जेवताना तिला एवढं जरूर सांगा.