समदुःखी सोबत्याचा शोध
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



भगवान महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण शताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९७४ साली, आपल्या ट्रस्टची स्थापना झाली. त्याच वर्षाच्या निमित्ताने सर्व पंथांनी मिळून जैन प्रतीक स्वीकारले. त्याच्या तळाशी उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील एक सूत्र आहे. एका जीवाने दुसऱ्यावर उपकार करावा, हाच जीवांचा परस्परसंबंध, असा त्याचा आशय आहे. गेली पन्नास वर्षे आपल्या प्रत्येक पत्रिकेवर हे सूत्र छापले जात आहे. आज मी ते एका रुग्णाच्या खोलीत नेऊ इच्छितो.

माझा व्यवसाय कापडाचा. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. परंतु आमच्या थोरल्या बंधूंना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला आणि निदानानंतर ते एकोणीस महिने आमच्यात होते. त्या काळात औषधोपचार डॉक्टरांनी केले. परंतु दिवस कसा काढावा, घास कसा घ्यावा, रात्री दोन वाजता मनात येणारे विचार कोणाला सांगावेत, हे मात्र आम्हांस दुसऱ्या रुग्णांकडून कळले. त्याविषयीच बोलणार आहे.

प्रथम रोगाविषयी थोडे सांगतो. स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत आडवी असलेली सुमारे पंधरा सेंटीमीटर लांबीची ग्रंथी. अन्न पचविणारे रस आणि रक्तातील साखर आवरणारे इन्शुलिन ती निर्माण करते. ती इतकी आत असते की तेथील गाठ हाताला लागत नाही. पित्तनलिका तिच्या शीर्षभागातून जात असल्यामुळे तेथे गाठ झाली की कावीळ होते, अंगाला खाज सुटते, लघवी गडद आणि शौच पांढुरके होते. आपल्याकडे अशा वेळी काविळीचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे आधी धाव घेतली जाते आणि मोलाचे आठवडे जातात. उतारवयात अचानक उद्भवलेला मधुमेह, कारणाशिवाय घटणारे वजन, पाठीत शिरणारी पोटदुखी, हीही लक्षणे असू शकतात. गाठ काढता येण्याजोग्या अवस्थेत आढळणारे रुग्ण पाचांत जेमतेम एक. अमेरिकेसारख्या देशातसुद्धा निदानानंतर पाच वर्षे जगणारे शंभरात सुमारे तेराच आहेत. भारतात हा रोग त्या मानाने विरळ, लाखात एक-दोन एवढाच आढळतो.

या आकड्यांतच आपल्या विषयाची अडचण दडलेली आहे. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या भगिनी पुष्कळ आहेत. न्यूयॉर्कच्या टेरेसा लासर यांनी १९५२ साली स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर तशाच इतर भगिनींना रुग्णालयात जाऊन भेटण्यास आरंभ केला, आणि ती चळवळ जगभर पसरली. मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतः कर्करोगातून बऱ्या झाल्यावर १९९४ साली 'व्ही केअर' ही संस्था स्थापन केली. टाटा स्मारक रुग्णालयात त्या संस्थेचे स्वयंसेवक नव्या रुग्णाजवळ बसून बोलतात, आणि त्यांतील कित्येकजण स्वतः या वाटेने गेलेले असतात. स्वादुपिंडाच्या रुग्णाला मात्र आपल्यासारखा दुसरा सापडणेच कठीण. नांदेडात शोधावा तर मिळत नाही, लातूरला असल्याचे कळावे तर तो मुंबईस किंवा हैदराबादेस उपचारासाठी गेलेला असतो, आणि परत येईपर्यंत बोलण्याची शक्ती राहिलेली नसते. अमेरिकेत १९९९ साली केवळ या एका रोगासाठी जी संस्था उभी राहिली, तीही मुख्यतः आप्त गमावलेल्यांच्या पुढाकाराने. मला हे फार महत्त्वाचे वाटते. या रोगात सोबती शोधायचा तर रुग्णाइतकाच त्याची शुश्रूषा केलेला माणूसही उपयोगी पडतो.

दुसरी अडचण आपणच निर्माण करतो. रोगाचे नाव आपण रुग्णास सांगत नाही. 'पोटात सूज आहे', 'पित्ताशयाचा विकार आहे' असे सांगून फाईल कपाटात ठेवली जाते. घरातील सर्वांस ठाऊक, शेजाऱ्यास ठाऊक, दुकानातील मुनीमजींस ठाऊक. ठाऊक नसते ते एकट्या रुग्णास, किंवा त्यालाही ठाऊक असते पण तो तसे दाखवीत नाही. मुलामुलींचे विवाह जमण्यात अडथळा येईल ही भीती त्यामागे असते, हे आपण सर्व जाणतो. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये आजारी पडले. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले ते ऑक्टोबरमध्ये. राजकारणात त्याची कारणे असतील. परंतु जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असलेले पर्रीकर विधानसभेत अर्थसंकल्प मांडताना लोकांनी पाहिले, तेव्हा या रोगाच्या घरोघरच्या रुग्णांस जे वाटले असेल ते कोणत्याही पत्रकाने साधले नसते. १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. आमचे बंधू त्या छायाचित्राविषयी वारंवार बोलत. नळी लावून दुकानात बसण्यास आपल्यालाही हरकत नाही, असे ते म्हणत; आणि पुढे काही दिवस ते खरोखरच गल्ल्यावर बसले.

बंधूंनी स्वतःची फाईल स्वतः वाचली होती. म्हणूनच मुंबईतील धर्मशाळेत त्यांना सोबती मिळाला. सौराष्ट्रातील एक निवृत्त शिक्षक, तेही जैन, तोच रोग, तीच शस्त्रक्रिया. ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली ज्या शस्त्रक्रियेचा मार्ग घालून दिला तीत स्वादुपिंडाचा शीर्षभाग, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढून उरलेले अवयव पुन्हा जोडतात. त्यानंतर अन्न पचण्यासाठी पाचकद्रव्यांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. डॉक्टरांनी त्या जेवणाबरोबर घ्या एवढे सांगितले होते. शिक्षकांनी सांगितले की पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवणाच्या मध्यावर दुसरी घेतल्यावर आपला त्रास थांबला. सगळ्या जेवण झाल्यावर घेत होतो तेव्हा पोट फुगे, शौच तेलकट होई. बंधूंनी डॉक्टरांस विचारून तसेच केले आणि आठवड्याभरात फरक पडला.

पण खरा प्रश्न पुढे होता. ही पाचकद्रव्ये डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. डॉक्टरांच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखे काही नसावे, वेष्टनावरील बारीक अक्षरे कोण वाचतो! बंधूंनी ती वाचली आणि दोन दिवस अन्न घेतले नाही. बुरशीपासून वा वनस्पतीपासून केलेली पाचकद्रव्येही बाजारात आहेत, परंतु या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा गुण तितका सिद्ध झालेला नाही. हे कोणास विचारावे? आम्ही घरचे, आम्हांस ते जगायला हवे होते. आमचे मत काय कामाचे? ते शिक्षकांकडे गेले. शिक्षकांनी उपदेश केला नाही, निर्णयही दिला नाही. आपण कोणत्या महाराजसाहेबांस विचारले, त्यांनी काय प्रश्न केले, आपल्याला किती रात्री झोप आली नाही, शेवटी काय ठरविले, एवढेच सांगितले. बंधूंनी कॅप्सूल घेतल्या आणि त्याचे प्रायश्चित्तही घेतले. काहींस हे रुचणार नाही याची मला जाणीव आहे. त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. हा प्रश्न ज्याच्या ताटासमोर येऊन उभा राहिला होता, असा एक मनुष्य बंधूंना भेटला, हे मला सांगावयाचे आहे.

रात्रिभोजनत्यागाचेही तसेच झाले. थोडे थोडे सहा वेळा खा, असा वैद्यकीय सल्ला. आणि सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा चाळीस वर्षांचा नियम. शिक्षकांनी कागदावर वेळापत्रक काढून दिले. सूर्योदयानंतर पहिले आणि सूर्यास्तापूर्वी सहावे. ते डॉक्टरांना दाखविले, तेव्हा इन्शुलिन घेणाऱ्याची साखर मध्यरात्री एकदम उतरू शकते म्हणून संध्याकाळची मात्रा त्यांनी कमी केली, आणि साखर उतरल्यास नियमापेक्षा प्राण आधी, असे वहिनींना बजावले.

सल्लेखनेविषयी, जिला श्वेतांबर बांधव संथारा म्हणतात, येथे बोलणे भाग आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी ती बेकायदेशीर ठरविली आणि ३१ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली, तेव्हा आपण सर्वांनी मोर्चे काढले होते. व्रताविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु असाध्य रोगाचे नाव निघताच भेटीस येणारे आप्त रुग्णासमोर त्या व्रताचा विषय काढतात, हे मला अनुचित वाटते. ज्याच्या पोटातील वेदना शमलेली नाही त्याचा निर्णय वेदनेचा असतो, वैराग्याचा नव्हे. वेदनाशामक उपचार, मॉर्फिनच्या गोळ्या, पाठीच्या कण्याजवळील मज्जातंतूंतून येणारी वेदना रोखणारे इंजेक्शन, हे आज उपलब्ध आहे. मॉर्फिनविषयीचे कायद्याचे जाचक नियमही २०१४ च्या दुरुस्तीने सैल झाले. ते आधी मिळाले पाहिजे. नंतर गुरू आणि शिष्य काय ते पाहतील.

एकत्व भावनेचा दाखला देऊन काहीजण म्हणतात की आत्मा एकटाच येतो, एकटाच भोगतो, मग सोबती कशाला? भावना स्वतःच्या चिंतनासाठी सांगितली आहे, दुसऱ्याला एकटे सोडण्यासाठी नव्हे. त्याच शास्त्राने वैयावृत्त्याची, म्हणजे सेवेची, गणना आभ्यंतर तपात केलेली आहे. उपवास हे तर बाह्य तप.

शिक्षक पाच महिन्यांनी गेले. या रोगातील मैत्रीची ही किंमत आहे आणि ती लपवून ठेवता येत नाही. त्यानंतर बंधू दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिक्षकांच्या पत्नीस फोन केला, आणि पुढे दर रविवारी, अगदी आवाज क्षीण होईपर्यंत, तो फोन चुकला नाही.

आता ट्रस्टकडे माझी विनंती. इमारतीसाठी देणग्या पुष्कळ येतात. मी इमारत मागत नाही. लातूरला १९६६ साली सुरू झालेले विवेकानंद रुग्णालय आहे, सोलापूर जिल्ह्यात बार्शीला कर्करोग रुग्णालय आहे. उपचाराची सोय वाढते आहे. आपण एक वही ठेवावी. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील, कोणत्याही जातिधर्माचे, जे या वाटेने गेले किंवा ज्यांनी शुश्रूषा केली, त्यांची नावे त्यांच्या संमतीने त्यात असावीत आणि ती वही एकाच विश्वासू व्यक्तीच्या ताब्यात राहावी. नव्या रुग्णाने विचारले तर दोघांची गाठ घालून द्यावी आणि आपण बाजूला व्हावे. सोबत्याने औषध सुचवू नये, वैद्य सुचवू नये, आपला अहवाल त्याच्या अहवालाशी ताडून पाहू नये. मुंबईच्या गाडीत कर्करुग्णास आणि सोबतच्या माणसास भाड्यात सवलत मिळते, तिचा अर्ज कसा भरावा, हे मात्र अवश्य सांगावे.

वहीतील पहिले नाव आमच्या वहिनींचे लिहावे, अशी त्यांची अनुमती मी घेऊन आलो आहे. उदगीर आणि परभणीहून त्यांना आताच फोन येतात. त्या दुपारी दोन ते चार या वेळेत बोलतात. सामायिकाच्या वेळी फोन उचलत नाहीत, एवढे कृपया ध्यानात असू द्यावे.

जय जिनेंद्र.