बंद कारखान्यात कोण उतरणार?



सातपूरला प्लेटिंगचा एक कारखाना बंद पडला होता. शेड साफ करायला ठेकेदारानं आम्हा सहाजणांना नेलं. फुटके पिंप, तळाला पिवळा गाळ. हातमोजे मागितले तर म्हणाला, "तुम्हाला कशाला? सवय आहे की." ही सवय कुठल्या जातींना असते ते इथं सांगायला नको. गाळ क्रोमचा होता हे बोटांना भोकं पडल्यावर कळलं.

आता भोपाळ बघा. 1984 च्या 2 डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडचा वायू सुटला. कारखान्यात पडलेला 337 टन विषारी कचरा हलला कधी? 1 जानेवारी 2025 ला. चाळीस वर्षं! तेही हायकोर्टानं दट्ट्या दिल्यावर. बारा कंटेनर अडीचशे किलोमीटरवर पीथमपूरला. तिथली माणसं रस्त्यावर आली, दोघं स्वतःला पेटवून घ्यायला निघाले. जून संपेस्तोवर सगळं भट्टीत जाळलं. राख कचऱ्याहून जास्त झाली, कारण जाळताना चुना घालतात. आणि माती, हापशाच्या पाण्यात मुरलेलं विष? ते भोपाळातच हाय. हलवला तो नुसता पोत्यातला माल.

महाडला 1927 साली पाण्यासाठी लढलेल्यांची आपण पोरं. पाण्यात विष मुरवणं हा शिवाशिवीहून हलका गुन्हा मानायचा काय?

सफाई जरूर करा. खर्च मालकाचा. पिंपात काय आहे ते आधी लेखी द्या. मोजे, बूट, मास्क द्या, रक्त तपासा. अंबडला उद्या असा ठेकेदार आला तर पिंपाला हात लावू नका. विचारा त्याला : मालक कुठाय? आधी त्याला बोलव.