जलशोधक पडद्याची धुलाई



आपल्याकडे पूर्वीं भांडीं घासावयास घरोघर दोन पदार्थ असत : राख आणि चिंच. तेलकट कढईला राख लावावयाची आणि काळवंडलेल्या तांब्याच्या घंगाळाला चिंच, हें सांगण्यास रसायनशास्त्राच्या पंडिताची गरज पडत नसे. राखेंतील खार तेलाचा साबण बनवून त्यास सैल करतो; चिंचेंतील आम्ल धातूवरील डाग विरघळवितें. दोहोंची अदलाबदल केली तर श्रम वायां जातात. आज मी ज्या धुलाईविषयीं बोलणार आहें, तिचें सार याच दोन पदार्थांत आहे. ती धुलाई पाणी शुद्ध करणाऱ्या पडद्याची.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत भिंतीवर जें ‘आर. ओ.’ यंत्र टांगलेलें आहे, त्याचें हृदय म्हणजे एक अति पातळ पडदा. पाण्यास दाब देऊन तें या पडद्यांतून ढकलतात; पाणी पलीकडे जातें, विरघळलेले क्षार बहुतांशीं अलीकडेच राहतात. मनुष्याचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. क्षार अडविणारा हा थर जेमतेम मायक्रॉनच्या पंचमांशाइतका. मोठ्या कारखान्यांत असा पडदा गुंडाळून ८ इंच व्यासाच्या व ४० इंच लांबीच्या नळकांड्यांत बसवितात. एका गुंडाळींत सुमारें ४०० चौरस फूट पडदा मावतो. चेन्नईजवळ मिंजूर येथें समुद्राचें पाणी गोडें करून रोज १० कोटी लिटर देण्याच्या क्षमतेचा कारखाना २०१० सालीं सुरू झाला, तो याच पडद्यांच्या भरंवशावर.

परंतु जो अडवितो त्याच्या दाराशीं गर्दी व्हावयाचीच. ही गर्दी मुख्यतः दोन जातींची. बंबाच्या तळाशीं जो पांढरा थर बसतो, तसा चुन्याचा थर पडद्यावर बसतो. लोखंडाचा तांबूस गंजहि त्याच जातीचा. ही झाली चिंचेची गिऱ्हाइकें. त्यांस सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबांतील आम्ल, किंवा अगदीं सौम्य केलेलें हायड्रोक्लोरिक आम्ल लागतें. दुसरी जात चिकट मळाची. बरेच दिवस न धुतलेल्या माठास आंतून जो बुळबुळीतपणा येतो, तो जंतूंच्या वसाहतीचा असतो. पडद्यावर तसाच थर वाढतो, आणि कुजक्या पालापाचोळ्याचे अंश व बारीक माती त्यांत अडकून राहतात. येथें राखेचें काम : कॉस्टिक सोड्याचें अति सौम्य द्रावण आणि थोडा साबणासारखा पदार्थ.

प्रत्यक्षांत दोन्ही मळ बहुधा एकत्रच असतात. मग आधीं काय वापरावें ? येथेंच पुष्कळांची चूक होते. दुधांत लिंबू पिळलें म्हणजे दूध नासून त्याच्या गुठळ्या होतात. चिकट मळावर आधीं आम्ल घातलें तर तसाच कांहींसा प्रकार घडतो; मळ सुटण्याऐवजीं अधिक घट्ट होतो. म्हणून सामान्य नियम असा कीं, आधीं राख, मग चिंच. मळ केवळ चुन्याचाच आहे अशी खात्री असेल, तरच आरंभीं आम्ल घ्यावें.

मळ ओळखला, तरी कापड ओळखावयाचें राहिलेंच. सुती धोतर सोड्यांत उकळतां येतें. रेशमी पैठणी तशी उकळणारास घरांत कोणी क्षमा करणार नाहीं. १९५९ च्या सुमारास अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठांत सिडनी लोब आणि आपल्याच देशांतून गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनीं पहिला उपयुक्त पडदा तयार केला, आणि १९६५ सालीं कोलिंगा गांवीं त्यावर पिण्याचें पाणी निघूं लागलें. तो सेल्युलोज ॲसिटेटचा होता. जंतुनाशक क्लोरिन त्यास थोडाफार सोसे, पण खार सोसत नसे. पुढें १९७० नंतरच्या दशकांत जॉन कॅडॉट यांनीं पॉलिॲमाइडचा पडदा केला. त्याचा स्वभाव नेमका उलटा : खार आणि आम्ल दोन्ही तो बेतानें सोसतो, परंतु क्लोरिन त्याचा वैरी. लिटरमागें केवळ एक मिलिग्रॅम क्लोरिन असलें, तरी २०० ते १,००० तासांत त्याचा ऱ्हास दिसूं लागतो. आजच्या बहुतेक आर. ओ. यंत्रांत हाच पडदा असतो.

आतां धुवावयाचें केव्हां ? नेहमींच्या उत्पादनांत सुमारें दहा टक्के घट आली कीं धुवावें, असा सर्वसाधारण दंडक आहे. पण येथेंहि विवेक हवा. पाणी थंड झालें म्हणजे दाट होतें; उष्णता एक अंशानें उतरली कीं उत्पादन सुमारें तीन टक्क्यांनीं घटतें. हिवाळ्यांतील ही घट मळाची समजून पडदा धूत बसणें म्हणजे निरोग्यास औषध पाजणें होय. यासाठीं कारखान्यांत रोजचा दाब, उष्णता व क्षारांचें प्रमाण वहींत मांडतात आणि हिशेब करूनच निर्णय घेतात. उलट फार उशीर केला, तर मळ दगडासारखा बसतो आणि मग कोणतेंहि द्रावण त्यास पुरतेपणीं काढूं शकत नाहीं.

धुण्याची रीत सौम्यच असते. द्रावण सुमारें ३० अंशांपर्यंत कोमट करून अल्प दाबानें फिरवितात. दाब वाढविला तर सुटलेला मळ पुन्हां पडद्यावरच दाबला जातो. मग तासभर किंवा अधिक वेळ भिजूं देतात, पुन्हां फिरवितात, आणि शेवटीं शुद्ध पाण्यानें खळबळून घेतात. घासण्याचें काम हातानें नव्हे, वेळानें करावयाचें असतें.

येथें माझी स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. आमच्या घरच्या यंत्रांत पडद्याच्या आधीं कोळशाची एक नळी आहे. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन शोषून घेणें हें तिचें काम. तिची मुदत संपली, तरी ‘पाणी तर स्वच्छ येतें’ म्हणून मी ती दोन वर्षें बदलली नाहीं. पुढें एक दिवस घागर पूर्वीपेक्षां लवकर भरूं लागली. मी आनंदानें घरांत सांगितलें, ‘यंत्र सुधारलें !’ महिन्याभरानें दुरुस्तीवाल्यानें क्षार मोजून दाखविले, तेव्हां उमगलें कीं, क्लोरिननें पडदा खाल्ला होता. पाणी वाढलें होतें तें त्यांतून क्षार सुखेनैव पलीकडे येत होते म्हणून. चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या, पण ही वही तपासावयाचें राहून गेलें.

सांगावयाचें तें एवढेंच कीं, या पडद्याचा नाश डोळ्यांस दिसत नाहीं. खराब पाणीहि कांचेसारखें निर्मळ दिसतें. म्हणून घरीं तीन गोष्टी पाळाव्या. पडद्याच्या आधींच्या नळ्या मुदतींत बदलाव्या, कारण न बसलेला मळ हाच सर्वांत स्वस्त धुतलेला मळ. क्षारांचें माप अधूनमधून घेऊन लिहून ठेवावें. आणि शौचालय धुण्याचें आम्ल किंवा ब्लीचिंग पावडर यंत्रांत कधींहि ओतूं नये. हे दोन पदार्थ तर कोठेंहि एकत्र करूं नयेत, कारण त्यांच्या मिश्रणांतून विषारी क्लोरिन वायु निघतो.

प्रत्येक धुलाईनें वस्त्र थोडें झिजतेंच, पडदाहि झिजतो. मळ ओळखून, वस्त्र ओळखून आणि वेळेवर जो धुतो, त्याचेंच वस्त्र पुष्कळ दिवस टिकतें. आपल्या आज्यांना हें ठाऊक होतें. त्यांच्याजवळ राख आणि चिंच होती, आणि आधीं काय घ्यावें याचें भानहि होतें.