माळवद गेलं, ओसरी का जावी?



आपल्या मराठवाड्यात घराची ऐपत खणांवरून ठरायची. सोयरीक जुळवतानाही 'घर किती खणांचं?' ही विचारपूस व्हायची. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि वर मातीचा जाड थर, असं आपलं माळवद. उजेडाला आणि धुराला छतात साणं. दोन-अडीच हात जाडीच्या भिंतींमुळे मे महिन्यात पारा बेचाळिशीला टेकला तरी आत निभायचं. पण बाळंतिणीची खोली अंधारी, कोंदट असायची. गावकुसाबाहेर तर माळवदही नव्हतं. कुडाच्या भिंती आणि पाचटाचं छप्पर. जुन्या घरांचे गोडवे गाताना हे विसरू नये.

माळवद गळू नये म्हणून मृगाआधी खारी माती पसरून चोपायची. जुनी माती सहसा कोणी उतरवत नसे. थरावर थर चढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात जमीन हादरली आणि तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. सुमारे आठ हजार जीव गेले. भिंती जाड होत्या, पण आतली आणि बाहेरची दगडी बाजू एकमेकींत गुंतवलेली नव्हती. मध्ये नुसती माती आणि चिपा. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे आरपार दगड घातले असते, तर कित्येक भिंती तगल्या असत्या. भूकंप लातूर-धाराशिवला झाला, माळवदाचा धसका मात्र साऱ्या मराठवाड्यानं घेतला.

मग पत्रे आले, स्लॅब आले. सळईसाठी तर आपलं जालना देशभर ओळखलं जातं. स्लॅबनं बायकांची दरवर्षीची माती वाहण्याची आणि गळक्या घरात रात्रभर भांडी मांडण्याची दगदग संपवली. हे मोठं काम झालं, असं मी मानतो.

मात्र स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता घरात सोडतो. पत्र्याखाली तर दुपारी बसवत नाही. त्यातच आपण ओसरी काढून टाकली. जागा वाचली, पण भिंतीवरची सावली गेली आणि म्हाताऱ्या माणसांची बसायची हक्काची जागाही गेली.

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरलं आहे. हे घर ठेकेदाराकरवी नव्हे, लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं असतं. म्हणजे दार कुठे, खिडकी कुठे, हे ठरवणं बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे. तेव्हा पाया आखण्याआधी गवंड्याशी बोला. पश्चिमेच्या भिंतीला सावली ठेवा, समोरासमोर खिडक्या घ्या, स्लॅबला वरून चुन्याचा पांढरा हात द्या. आणि चार हात का होईना, ओसरीला जागा सोडा.