जमीन देईल तेवढाच आधार



आज मी खताविषयी किंवा बियाण्याविषयी बोलणार नाही. पेणच्या खारेपाटात आणि रोह्याच्या डोंगरउतारावर आता पॉवर टिलर व ट्रॅक्टर फिरतात. यंत्र कसे चालवावे हे विक्रेता सांगतो. यंत्राखालची जमीन त्याला किती आधार देते, हे मात्र कोणी सांगत नाही. ट्रॅक्टर उलटून माणूस दगावतो तेव्हा गोष्ट या आधाराचीच असते.

तुमच्या ओटीवर भाताचे 50 किलोचे पोते ठेवले आहे असे समजा. पृथ्वी त्याला खाली ओढते, पण ओटी तेवढ्याच जोराने वर रेटते म्हणून ते जागेवर राहते. त्यावर दुसरे पोते चढवा, रेटा 100 किलोचा होईल. दोन्ही उचला, रेटा संपला. म्हणजे ओटी स्वतःहून काही करत नाही. मागणी येईल तेवढेच देते. हा रेटा पृष्ठभागाशी नेहमी काटकोनात असतो, म्हणून शास्त्रात त्याला अभिलंब बल म्हणतात. वजनकाट्यावर दिसतो तो आकडाही या रेट्याचाच. काट्यावरच्या पोत्याला हात लावून किंचित उचला, आकडा लगेच उतरेल. भात काही कमी झालेले नसते. (माल विकताना पोते भिंतीला टेकलेले नाही ना, एवढे पाहात जावे.)

परंतु जमिनीची देण्याची ताकद अमर्याद नाही. खारेपाटातील माती चिकण, त्यात सोडियम जास्त. ओली झाली की तिचे कण सुटे होतात आणि ती मऊ पडते. 60 किलोचा माणूस 50 किलोचे पोते घेऊन एका पावलावर आला, तर 110 किलोचा भार जेमतेम 200 चौ. सें.मी. जागेवर पडतो. चिखल तेवढा रेटा देऊ शकत नाही. पाय कठीण थर लागेपर्यंत खाली जातो. तेथेच 2 मीटर लांब व 30 सें.मी. रुंद फळी टाकली, तर दर चौ. सें.मी. वरील दाब तिसाव्या हिश्शावर येतो. चिखलणीच्या वेळी रुंद लोखंडी केज व्हील लावतात, त्याचेही एक कारण हेच.

भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आपण वाल घेतो. ओल उडून जाईल या घाईने ट्रॅक्टर लवकर आत घातला जातो, माती दबते आणि वालाचे मूळ खाली उतरत नाही. मूठभर माती दाबून गोळा करा व कमरेच्या उंचीवरून टाका. गोळा फुटला नाही तर यंत्र बांधाबाहेरच ठेवावे. अशा वावरात हाताने टोकणी केलेली बरी, असे माझे मत आहे.

आता उताराचा विचार करू. 1800 किलोचा ट्रॅक्टर सपाटीवर उभा असताना दोन्ही बाजूंच्या चाकांना 900-900 किलोचा आधार मिळतो. तोच 15 अंशांच्या उतारावर आडवा चालवला तर काय होते? चाकांमधील अंतर 130 सें.मी. आणि गुरुत्वमध्याची उंची 75 सें.मी. धरली, तर खालच्या बाजूला सुमारे 1140 किलो आणि वरच्या बाजूला फक्त 600 किलोच्या आसपास रेटा उरतो. यंत्र सरळच दिसते, चालकाला काही जाणवत नाही. वरचे चाक एखाद्या धोंड्यावर चढले किंवा खालचे खड्ड्यात गेले, की वरचा रेटा शून्य होतो आणि ट्रॅक्टर कलंडतो. खाली मऊ बांधाची कड असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून वरकस जमिनीवर आडवे वळण घेऊ नये. बांधाच्या कडेपासून दूर राहावे.

याहून वाईट प्रकार चिखलात घडतो. मागची चाके रुतली की पुढे लाकडाचा ओंडका टाकून किंवा चाकाला बांधून जोर लावण्याची पद्धत आहे. ती प्राणघातक आहे. चाक फिरू शकले नाही, तर इंजिनाचा जोर मागच्या आसाभोवती धूडच उचलतो. पुढच्या चाकांखालचा रेटा संपतो आणि ट्रॅक्टर मागे चालकावर येतो, तोही उडी मारण्यास वेळ न देता. रुतलेला ट्रॅक्टर हळू रिव्हर्समध्ये काढून पाहावा, नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावा. ट्रेलर किंवा साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. वर टॉप लिंकच्या जागी कधीही बांधू नये. चढावर पुढची चाके हलकी वाटू लागली, तर ट्रेलरमधील भार कमी करावा.

स्वीडनमध्ये 1959 पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती संरक्षक चौकट सक्तीची झाली व तेथील मृत्यू पुष्कळ घटले. आपण खरेदीच्या वेळी ही चौकट मागून घ्यावी. चौकट असेल तर आसनाचा पट्टा बांधूनच बसावे. चौकट नसेल तर मात्र पट्टा बांधू नये.