कुंपण ओलांडले की वीज कुणाची?
(फोंडाघाट येथील शेतकरी बैठकीतील भाषण)



विजेचे दर आणि भारनियमन यांवर आपण पुष्कळ बोललो आहोत. आज प्रश्न वेगळा आहे. वाडीने मिळून वीज तयार केली, तर ती वाडीला वापरता येईल का?

गोठ्यातल्या शेणाचा गॅस आपल्या चुलीत जाळायला कुणाची परवानगी लागत नाही. वागद्याच्या गोपुरी आश्रमापासून झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानपर्यंत अनेकांनी या जिल्ह्यात बायोगॅस रुजवला. कायदा आडवा आला नाही, कारण गॅस कुंपणाच्या आत राहिला. विजेचे तसे नाही. माझ्या कौलावरची वीज शेजाऱ्याच्या पंपाला द्यायची म्हटली, की नियम सुरू होतात.

कायदा मुळात वाईट नाही. 2003 च्या वीज कायद्याने वीज निर्माण करायला परवान्याची गरज ठेवलेली नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात निर्माण करून वाटायलाही परवान्यातून सूट आहे. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत 2012 साली सुमारे 40 घरांसाठी साडेनऊ किलोवॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला आणि त्याचा कारभार गावकऱ्यांच्या ट्रस्टकडे आला. पण तिथे तेव्हा मंडळाची तार पोचलेलीच नव्हती. आपल्याकडे खांब दारात आहेत. शिवाय घाटाच्या पायथ्याला पावसाळ्याचे चार महिने ऊन नसते, आणि तेवढी वीज बॅटरीत साठवणे परवडत नाही. म्हणून महावितरणची तार आपल्याला लागणारच. तार आली की तिच्या अटी आल्या. त्या तीन ठिकाणी आपल्याला नडतात.

पहिली अट आकाराची. केंद्राच्या 2019 च्या कुसुम योजनेत शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था आणि पंचायती यांना पडीक जमिनीवर सौर प्रकल्प करायला वाव दिला. पण आकार ठेवला 500 किलोवॉट ते 2 मेगावॉट. 500 किलोवॉट म्हणजे दोन-अडीच एकर सलग जमीन आणि दीड-दोन कोटींचा खर्च. आमचा सातबारा उघडून पाहा. चार भाऊ, सहा चुलते, आणि जमीन उतारावर तुकड्या-तुकड्यांनी. लहान प्रकल्पाला परवानगी देणे राज्याच्या मर्जीवर सोडले होते. योजनेत नाव शेतकऱ्याचे, पण माप ठेकेदाराचे!

दुसरी अट खरेदीदाराची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या 2023 च्या दुसऱ्या टप्प्यात जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे ठरले, त्यावर दरवर्षी 3 टक्के वाढ. म्हणजे गुंठ्याला वर्षाला साडेबाराशे रुपयांच्या आसपास. खडकाळ माळाला हे भाडे वाईट नाही, हे मान्य. पण यात आपण जमीनमालक झालो, उत्पादक नाही. वीज कंपनीची, घेणार महावितरण. विदर्भातल्या शेतकऱ्याला कापसाच्या एकाधिकार खरेदीचा अनुभव आहे. खरेदीदार एकच असला की भाव कोण ठरवतो, हे त्याला विचारा.

तिसरी अट पंचांगाची. छतावरच्या सौर संचाची जादा वीज बिलात वळती होते, आणि शिल्लक युनिटांचा हिशेब 31 मार्चला मिटतो. हिवाळ्यात साठलेली युनिटे जूनच्या अंधारात आपल्या उपयोगी पडत नाहीत, ठरीव दराने विकली जातात. हे वर्ष हिशेबनीसाचे आहे, कोकणातल्या पावसाचे नाही.

नियम बदलला की काय होते, तेही पाहू. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. सगळे मिळून सुरुवातीला सुमारे 56 किलोवॉट, म्हणजे कुसुमच्या किमान मापाचा नववा हिस्सा. 2016 साली तिथल्या वीज कंपनीने त्यांची जादा वीज युनिटला 4 रुपये 63 पैसे दराने, 25 वर्षांच्या कराराने घ्यायला सुरुवात केली. त्या बदल्यात शेतकऱ्यांनी शेतीच्या वीजजोडणीवरचा हक्क सोडला. खरेदीदार तिथेही एकच, पण लहानांना एकत्र येऊन विकता आले आणि दर आधी ठरला.

सहकार म्हटले की सगळे साधले, असेही आम्ही म्हणत नाही. नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा सहकारी वीज संस्था अनेक दशके वीज वाटत होती. थकबाकी डोंगराएवढी झाली आणि 2011 मध्ये तिचे वितरण महावितरणकडे गेले. यातून एवढे शिकावे, की तारा आणि वसुलीचा पसारा सोसायटीने अंगावर घेऊ नये. तारा महावितरणच्याच राहू देत. डीपी जळली तर त्यांचाच वायरमन येतो, त्याचे रास्त भाडे आपण देऊ. पण एकाच डीपीखालून शंभर पावलांवर गेलेल्या विजेला लांबवरून आणलेल्या विजेचे भाडे लावू नये.

वाट अगदीच बंद नाही. 2005 च्या वीज नियमांप्रमाणे स्ववापराच्या प्रकल्पात वापरणाऱ्यांची किमान 26 टक्के मालकी हवी आणि किमान 51 टक्के वीज त्यांनी वापरायला हवी. नोंदणीकृत सहकारी संस्थेला ही अट सभासदांनी मिळून पुरी करता येते. 2022 च्या हरित ऊर्जा नियमांनी दुसऱ्याकडून वीज आणण्याची किमान मर्यादा 1 मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आणली, आणि स्ववापराला तशी मर्यादा ठेवली नाही. दिल्लीच्या आयोगाने 2019 मध्ये एका प्रकल्पाची वीज अनेकांच्या बिलांत वाटून द्यायची पद्धत मान्य केली. कोकणातल्या वाडीला हे सोप्या अटींवर का मिळू नये?

तेव्हा कामाला लागू. प्रत्येक वाडीने आपल्या डीपीवरच्या ग्राहकांची यादी करावी आणि सर्वांची बारा महिन्यांची बिले गोळा करावीत. किती युनिटे लागतात, कोणत्या महिन्यात लागतात, हे कागदावर येऊ द्या. बारमाही व्हाळ असेल तर त्याचे पाणी किती आणि किती उंचीवरून पडते, तेही मोजा. पावसाळ्यात ऊन नसते तेव्हा व्हाळ भरलेला असतो.

वीज आयोगाला नवे विनियम करण्यापूर्वी त्यांचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर हरकती मागवाव्या लागतात. मोठ्या कंपन्यांचे वकील तिथे हजर असतात. शेतकरी नसतो, म्हणून नियम त्याच्या मापाचा होत नाही. पुढच्या मसुद्यावर या जिल्ह्यातून हरकती गेल्या पाहिजेत, मराठीत, आकड्यांसह. मागण्या तीनच: सोसायटीच्या लहान प्रकल्पाला मान्यता, एका डीपीखालच्या विजेला अंतराप्रमाणे भाडे, आणि कोकणासाठी युनिटांचा हिशेब पावसाळा संपल्यावर.

जमीन भाड्याने द्यायची की सोसायटी काढायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण करारावर सही करण्याआधी दुसरा रस्ता आहे की नाही, हे त्याला माहीत असले पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना बिले घेऊन या.