अंगाई कोणाची?

'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच जोडीची पहिली ध्वनिमुद्रिका १९९२ साली निघाली. मध्य आफ्रिकेतील पिग्मींचे सूर आणि विद्युत्-वाद्ये यांचा तीत मेळ होता. तीतील 'स्वीट ललबाय' जगभर गाजले. मात्र त्यातला स्त्रीकंठ आफ्रिकेचा नव्हेच. तो पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांवरच्या अफुनाक्वा या बाईंचा! ह्यूगो झेम्प या संशोधकाने तो पूर्वीच मुद्रित केला होता. पोरक्या धाकट्या भावंडाची समजूत घालणारी ती अंगाई. पुढे नॉर्वेच्या यान गार्बारेक यांनी १९९६ च्या मुद्रिकेत तीच चाल सॅक्सोफोनवर वाजवली, ती 'पिग्मी ललबाय' म्हणून! नाव पुसले की पत्ताही चुकतो, तो असा. सुरांना सीमा नसते, हे आम्हांसही मान्य आहे. पण शेजारघरून आणलेली वस्तू कोणाची, हे सांगूनच वापरावी, एवढेच आमचे म्हणणे.